आग लागली, पण कुठे?

जुन्या नाशकात बोळाच्या टोकाला आमचा वाडा होता. सागवानी खांब, लाकडी तुळया, अंधारा जिना, माळ्यावर चुलीसाठी रचलेली लाकडं. रात्री-अपरात्री जळका वास आला की कुणीतरी हाक द्यायचं, "अहो, उठा! मागच्या चौकात, माळ्यावर!" हाक देणाऱ्याला जागा माहीत होती आणि धावणाऱ्यालाही. फायर अलार्मकडून आपल्याला जे हवं असतं ते सगळं त्या एका हाकेत होतं: आग आहे, आणि अमुक ठिकाणी आहे.

शहर वाढलं की ती हाक पुरत नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात पूर्वी चर्चच्या घंटा बडवायचे, पण बंब न्यायचा कुठल्या गल्लीत ते घंटेवरून कळत नसे. १८५२ मध्ये विल्यम चॅनिंग हा डॉक्टर आणि मोझेस फार्मर हा तंत्रज्ञ यांनी रस्तोरस्ती लोखंडी पेट्या बसवल्या आणि त्या टेलिग्राफच्या तारेने मुख्य कचेरीला जोडल्या. पेटीतला दांडा फिरवला की तिचा क्रमांक कचेरीत पोचायचा आणि घंटा त्या भागाच्या आकड्याइतके ठोके द्यायच्या. विजेच्या अलार्मची सुरुवात इथून झाली.

तरी आग आधी माणसालाच दिसावी लागत होती. ते काम यंत्राकडे सोपवायचे प्रयत्न पुढे झाले. १८९० मध्ये एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन आणि फर्नांडो डिबल यांना स्वयंचलित विद्युत अलार्मचं पेटंट मिळालं. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनी उष्णतेवर चालणारं उपकरण केलं. पण खोली तापेपर्यंत धुराने माणूस गुदमरलेला असतो. आधी येतो तो धूर, आणि बहुतेक जीव धुरानेच जातात.

धूर ओळखायची युक्ती अपघाताने सापडली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडचे वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवत होते. ते काही केल्या जमेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि मीटरचा काटा हलला! वायूला दाद न देणारं उपकरण धुराला देत होतं. त्यांचेच देशबंधू अर्न्स्ट मायली यांनी तो क्षीण संकेत अलार्म वाजण्याइतका मोठा केला. घरात परवडेल असा बॅटरीवरचा डिटेक्टर मात्र अमेरिकेत ड्वेन पिअरसॉल यांच्या हातून १९६० च्या दशकात आला.

आता छतावर दिसतात ते बहुतेक प्रकाशावर चालणारे. आतल्या काळ्या डबीत प्रकाशकिरण असतो. धुराचे कण शिरले की प्रकाश विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो. आपल्या घरात फोडणीचा धूर, देवघरातली धूप-उदबत्ती रोजची, म्हणून स्वयंपाकघरात उष्णतेचा डिटेक्टर बसवावा आणि देवघरापासून धुराचा लांब ठेवावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तेव्हा गॅसचा सेन्सर जमिनीलगत. एवढं सांभाळलं नाही तर अलार्म उगाच वाजत राहतो आणि चार दिवसांत कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. अंमल २००८ च्या डिसेंबरपासून. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यायचं. तरीही ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. ती बातमी वाचलेला दिवस मी विसरलेलो नाही.

मोठ्या इमारतीतले सगळे डिटेक्टर तारेने एका पॅनलला, म्हणजे नियंत्रण पेटीला, जोडलेले असतात. साध्या पॅनलवर फक्त झोनचा, म्हणजे त्या भागाचा, दिवा लागतो. अख्खा मजला धुंडाळावा लागतो. ॲड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. बोस्टनच्या पेटीसारखाच, फक्त आता खोलीखोलीला. सातपूर-अंबडचे कारखाने, मोठी हॉस्पिटलं, गंगापूर रोडच्या उंच इमारती, बऱ्याच ठिकाणी आता हीच पॅनलं दिसतात.

अशाच एका सोसायटीत मी गेलो होतो. पॅनलचा पिवळा दिवा लागलेला, पडद्यावर 'लूप १, डिव्हाइस ४७, फॉल्ट', म्हणजे पहिल्या तारेवरच्या ४७ क्रमांकाच्या डिटेक्टरमध्ये बिघाड, आणि बझर बंद केलेला. वॉचमन काका म्हणाले, "साहेब, हे सत्तेचाळीस म्हणजे नेमकं कुठलं?" यादी कुणाकडेच नव्हती, मधल्या काळात ठेकेदार बदलला होता. मग शिडी आणि टेस्टिंगचा धुराचा स्प्रे घेऊन आम्ही दोन दिवस मजल्यामजल्याने फिरलो. प्रत्येक क्रमांकापुढे माणसाला कळेल असं लिहिलं: 'तिसरा मजला, लिफ्टसमोर', 'पार्किंग, मीटरच्या खोलीबाहेर'.

४७ क्रमांक पाचव्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधला निघाला. रंगकामाच्या वेळी कुणीतरी तो काढून तिथल्याच पाइपवर ठेवून दिला होता. आम्ही तो पुसला आणि जागेवर बसवला. खाली काकांनी यादीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "सत्तेचाळीस, पाचवा मजला, डक्ट", आणि पॅनलचा पिवळा दिवा विझला.