सायकल, हेल्मेट आणि ८५ टक्क्यांचा आकडा

‘हेल्मेटसक्ती’ म्हटलं की आपल्याला पुणे आठवतं, आणि तेही स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचं. सायकलस्वाराला आपल्याकडे कायद्याने हेल्मेटचं बंधन नाही. पण लांब पल्ल्याच्या, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या ब्रेव्हे राइड्स आपल्याकडे रुजल्या, तिथे हेल्मेटशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. कुणी सायकलवरून पडलं की सायकलवाल्यांत वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, हेल्मेटने डोक्याच्या ८५ टक्के दुखापती टळतात. दुसरा म्हणतो, नेदरलँड्समध्ये कुणी हेल्मेट घालत नाही आणि तिथेच सायकल सर्वांत सुरक्षित आहे. या दोन वाक्यांमागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांना न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहतात.

जुन्या काळी शर्यतीतले सायकलपटू डोक्याला चामड्याच्या पट्ट्यांची जाळी बांधत. तिने फार तर खरचटणं वाचायचं. आजच्या हेल्मेटचा पूर्वज आला तो १९७५ मध्ये, अमेरिकेतल्या ‘बेल’ कंपनीने काढलेला ‘बेल बायकर’. वर कडक कवच आणि आत थर्माकोलचा जाड थर. डोकं आपटलं की थर्माकोल चेपतो, थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. तत्त्व इतकं साधं आहे. मात्र युरोपीय मानकातल्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आपटतात ते साधारण दीड मीटर उंचीवरून, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. सायकलवरून तोल जाऊन पडण्याचा हा हिशोब आहे. भरधाव ट्रकने उडवण्याचा नाही. वादातली अर्धी गरमागरमी हा एक आकडा डोळ्यांसमोर ठेवला तर निवेल.

आता ते ८५ टक्के. मे १९८९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या संशोधकांचा अभ्यास आला. पाच रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेले २३५ सायकलस्वार त्यांनी घेतले. त्यांतल्या ७ टक्क्यांनीच हेल्मेट घातलं होतं. तुलनेला घेतले ते त्याच रुग्णालयांत आलेले, पण डोकं सोडून इतरत्र लागलेले सायकलस्वार. त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के निघालं. त्यावरून गणित मांडून निष्कर्ष आला: हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ८५ टक्क्यांनी आणि मेंदूला इजा होण्याचा ८८ टक्क्यांनी घटतो. आकडा गाजला. जगभरच्या पत्रकांवर, शाळांच्या भिंतींवर गेला.

आक्षेप असा होता की त्या काळी हेल्मेट घालणारी आणि न घालणारी माणसं मुळातच वेगळी होती. एक मूल आई-वडिलांसोबत बागेत सायकल चालवतं, दुसरं वाहत्या रस्त्यावर एकटं. दोघांच्या डोक्यांतला फरक हेल्मेटचाच, असं कसं म्हणणार? हा आक्षेप मला रास्त वाटतो. पुढच्या अभ्यासांत आकडा खाली आला. २०१३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या सायकलस्वारांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनीही ८५ टक्क्यांचा दावा मागे घेतला. पण आकडा खाली आला म्हणजे हेल्मेट निकामी ठरलं, असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र केले, त्यात ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार होते. डोक्याच्या दुखापतीत ५१ टक्के आणि गंभीर दुखापतीत ६९ टक्के घट त्यांना दिसली. मी हेल्मेट घालूनच सायकल चालवते, ते याच आकड्यांच्या भरवशावर.

गुंता सुरू झाला तो कायद्यापासून. गाडीतल्या सीटबेल्टची सक्ती जगात पहिल्यांदा केली ती १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने. त्याच राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. असा कायदाही जगात पहिलाच. दोन वर्षांत ऑस्ट्रेलियातली बाकीची राज्यं मागोमाग आली आणि १९९४ च्या पहिल्या दिवसापासून न्यूझीलंड.

व्हिक्टोरियात हेल्मेट घालणारे एका वर्षात ३१ वरून ७५ टक्क्यांवर गेले. डोक्याला मार लागल्याचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ आणि दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. इथपर्यंत सगळं छान. पण हे आकडे देणाऱ्या अहवालातच आणखी एक ओळ होती: डोक्याला न लागलेले, म्हणजे हात-पाय मोडून रुग्णालयात आलेले सायकलस्वारही पहिल्या वर्षी २३ टक्क्यांनी कमी झाले होते. हेल्मेट गुडघा वाचवत नाही. मग ही माणसं गेली कुठे? काही श्रेय वेगमर्यादा आणि दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या मोहिमांना होतं. पण त्याच राज्यातल्या मेलबर्नच्या पाहणीत मुलांचं सायकल चालवणं ३६ टक्क्यांनी घटलेलंही दिसलं. डोरोथी रॉबिन्सन या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ बाईंनी हाच धागा पकडला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही: कायद्याने डोकी वाचली, की सायकली कमी झाल्या? उलट बाजूचे म्हणाले, प्रौढांचं सायकल चालवणं तर वाढलं होतं. हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

माझ्या मते इथेच दोन प्रश्नांची गल्लत झाली. पडल्यावर हेल्मेट डोकं वाचवतं का, हा एक. सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं तर सायकलस्वार एकूण सुरक्षित होतात का, हा दुसरा. पहिल्याचं ‘हो’ हे दुसऱ्याचं उत्तर नव्हे. २०१० मध्ये मेलबर्नने भाड्याच्या सार्वजनिक सायकली आणल्या. हेल्मेटच्या अटीमुळे सहज उचलून निघावं अशी ती सोय उरली नाही, आणि २०१९ मध्ये योजना बंद झाली. मेक्सिको सिटीने तीच अडचण ओळखून २०१० मध्ये आपला हेल्मेटचा नियमच काढून टाकला.

ब्रिटनमध्ये इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक नोंदवले. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी ८.५ सेंटिमीटर जवळून जातात, असं त्याला दिसलं. इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून फरक धोक्याचा नाही असं मांडलं. मला यावर फार भिस्त ठेवावीशी वाटत नाही.

आणि नेदरलँड्स? तिथली सुरक्षितता उघड्या डोक्यांतून आलेली नाही. १९७१ मध्ये त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर चारशेहून जास्त मुलं मेली. आई-बाप रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली आणि पुढच्या दशकांत सायकलींचे वेगळे मार्ग, संथ गल्ल्या, सुरक्षित चौक बांधले गेले. ते न बांधता फक्त ‘तिकडे घालत नाहीत’ एवढंच उचलणं हा त्या आई-बापांवर अन्याय आहे.

सक्तीची गोष्ट मात्र फिरून पुन्हा सिएटललाच आली. ते शहर ज्या किंग काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, आहे तिथे १९९३ पासून हेल्मेट सक्तीचं होतं. सायकलस्वारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी पोलिसांच्या पावत्या तपासल्या तेव्हा दंड झालेल्यांत बेघरांचा वाटा मोठा निघाला, आणि कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडवलेलं आढळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने कायदा रद्द केला. हेल्मेट जरूर घाला, हे सांगणं मात्र मंडळाने चालू ठेवलं.