एबीसीमधला ‘सी’: घरातल्या लाल सिलिंडरवरच्या अक्षरांची पार्श्वभूमी

घरासाठी आग विझवायचा सिलिंडर मागितला की दुकानदार बहुतेक वेळा एकच वस्तू पुढे करतो: एबीसी पावडर, एक किलो, दोन किलो किंवा चार. अक्षरं तोच समजावतो. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, रंग. सी म्हणजे इलेक्ट्रिक. पहिली दोन बरोबर आहेत, पण भारतात सी म्हणजे इलेक्ट्रिक नव्हे. भारतात सी म्हणजे गॅस, म्हणजेच पेटता वायू. हा गोंधळ आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या घरांत वीजही आहे आणि गॅसही.

घरात असा सिलिंडर ठेवण्याची पद्धतच मुळात नवी. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत जहाजाचा स्फोट झाला, त्यात साठाहून अधिक अग्निशमन जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या काळी घरात आगीसाठी पाण्याचा हंडा आणि भिजवलेलं गोणपाट, एवढंच. नाट्यगृहांत, कचेऱ्यांत वाळूच्या लाल बादल्या आणि सोडा-ॲसिडचे शंकूच्या आकाराचे पंप टांगलेले असत: आत सोड्याचं पाणी, त्यात गंधकाम्लाची बाटली, दोन्ही एकत्र आले की तयार होणारा वायू पाणी बाहेर फेकी. १९५५मध्ये मुंबईत घरगुती गॅस आला आणि पुढच्या काही दशकांत रॉकेलचा स्टोव्ह मागे पडला. ‘स्टोव्हचा भडका उडून’ ही वर्तमानपत्रातली ओळ एका पिढीला पाठ होती. त्यातल्या किती आगी खरोखर अपघाताने लागल्या, हा प्रश्न हुंडाबळींच्या कायद्यांपर्यंत गेला. तो वेगळा विषय, पण घरातल्या आगीचा इतिहास लिहिताना तो ओलांडून जाणं मला पटत नाही.

आता सीकडे येऊ.

आगींचे वर्ग पाडणाऱ्या परंपरा दोन. अमेरिकेत ए आणि बीनंतरचं तिसरं अक्षर विजेला दिलं गेलं: चालू वीज असलेल्या उपकरणाची आग म्हणजे सी. युरोपने वेगळा विचार केला. वीज स्वतः जळत नाही, जळतं ते तारेचं आवरण, पंख्याचा सांगाडा, बोर्डामागचं लाकूड. मेन स्विच बंद केला की ती आग ए किंवा बी होते. म्हणून विजेला स्वतंत्र अक्षर नाही, आणि मोकळं झालेलं सी वायूला मिळालं. १९७७च्या आंतरराष्ट्रीय मानकाने हीच मांडणी उचलली आणि भारतीय मानकही त्याच वाटेने गेलं. आयएस २१९० हे सिलिंडर निवडण्या-सांभाळण्याचं आपलं मानक. त्यातला सी म्हणजे वायू.

मग दुकानदार इलेक्ट्रिक का म्हणतो? कारण माहितीपत्रकं, प्रशिक्षणाचे तक्ते आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ यांतला मोठा भाग अमेरिकी आहे. शिवाय एबीसी पावडर वीज वाहत नाही, त्यामुळे ती विजेच्या उपकरणावर मारता येते. दुकानदाराचं उत्तर चुकतं, ग्राहकाचं काम मात्र होतं, आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही. लेबलही मदत करत नाही. ए आणि बीच्या आधी क्षमतेचा आकडा असतो, सीच्या आधी तो नसतो, ना अमेरिकेत, ना युरोपात. आकड्यावरून ओळखावं म्हटलं तरी हा सी कुठला, ते कळायचं नाही.

कुणी म्हणेल, अक्षरावरून एवढं काय? मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही. लेबलवर ‘सी म्हणजे गॅस’ असं बरोबर वाचणारा माणूसही अडचणीत येऊ शकतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीच्या रबरी नळीला आग लागली आणि पुरवठा बंद न करता पावडर मारली, तर ज्योत विझते, गॅस येतच राहतो. एलपीजी हवेपेक्षा जड. तो ओट्याखाली, फरशीवर साचतो आणि फ्रिजच्या एका ठिणगीने जे होतं ते मूळ आगीपेक्षा भयंकर असतं. म्हणून गॅसच्या आगीत आधी रेग्युलेटर बंद करायचा, ज्योत नंतर. रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर ज्योत मुद्दाम न विझवता घरातल्यांना बाहेर काढून १०१ला फोन करायचा. पावडर या वायूवर चालते, एवढंच त्या अक्षरात आहे. ती कधी मारायची ते त्यात नाही, आणि लेबलवर त्यासाठी एक ओळ सक्तीची असायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

या एबीसीमध्ये कढई कुठे आहे? कुठेच नाही. पेटलेलं तळणीचं तेल बीमध्ये धरायची रीत होती, कारण तेलही द्रवच. परदेशी हॉटेलांत ते बराच काळ निभावलं. तिथे प्राण्यांच्या चरबीत तळत आणि साध्या खाण्याच्या सोड्याच्या पावडरीने चरबीवर साबणाचा थर धरून आग दबे. पुढे वनस्पती तेलं आली. ती जास्त तापल्यावर पेटतात, आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या नव्या भांड्यांत विझून पुन्हा पेटतात. १९९८मध्ये अमेरिकेने त्यासाठी ‘के’ हे अक्षर काढलं, २००४मध्ये युरोपने ‘एफ’ काढलं, आणि आपल्याकडे एफ चालतं. एकाच आगीला पुन्हा दोन अक्षरं. यात आपल्यासाठी महत्त्वाचं असं की एबीसी पावडरीतलं अमोनियम फॉस्फेट आम्लधर्मी असतं, ते साबण धरत नाही आणि तेल थंडही करत नाही. शिवाय जवळून मारलेल्या झोताने तेल उडतं. भारतीय घरांत तर बहुतेक तळण वनस्पती तेलातच होत आलं आहे. घरात एफ वर्गाचा सिलिंडर क्वचितच असतो. कढईसाठी गॅस बंद करून वर घट्ट बसणारं झाकण किंवा फायर ब्लँकेट हेच खरं साधन, आणि पाणी कदापि नाही.

महाराष्ट्रात सिलिंडर इमारतींत पोचला तो कायद्यामुळे. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६चा, तो लागू झाला २००८मध्ये, नियम २००९चे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारकाचं प्रमाणपत्र द्यायचं, ही सोय त्यातली. परिणाम असा की जिन्यात, मीटर रूमजवळ, लिफ्टच्या खोलीबाहेर लाल सिलिंडर दिसू लागले, तर फ्लॅटच्या आत ते फारसे गेले नाहीत. त्यातून ‘रिफिल’ या शब्दाची गफलत आली. प्रमाणपत्र म्हणजे तपासणी. अनेक सोसायट्या मात्र दरवर्षी पावडर बदलून घेण्यालाच तपासणी समजतात. दाबाचा काटा हिरव्यात, वजन बरोबर, सील शाबूत असेल तर दरवर्षी सगळं ओतून भरायची गरज नसते. आयएस २१९०च्या २०१०च्या आवृत्तीत पावडर सिलिंडरच्या दाबचाचणीला ३ वर्षं आणि आयुष्याला १० वर्षं धरली होती, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या आयुष्याला १५.

दरम्यान हॅलॉन हे आग विझवणारे वायू आले आणि गेले. उत्तम विझवत, मागे पावडर उरत नसे, पण ओझोनचा थर विरळ करत. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते हटले. संगणकाच्या खोल्यांत त्यांची जागा ‘क्लीन एजंट’, म्हणजे मागे काही न ठेवणाऱ्या, वायूंनी घेतली.

अक्षरं जुळवली गेली तेव्हा घरात नसलेली एक वस्तू आता दाराशी चार्जिंगला लागते: ई-स्कूटरची लिथियम बॅटरी. तिच्या पेटलेल्या सेलवर पावडर मारली तर ज्वाळा बसते, आतली उष्णता बसत नाही, आणि काही मिनिटांनी ती पुन्हा पेटू शकते. त्या सेलना भरपूर पाण्याने थंड करावं लागतं, आणि तोवर येणारा धूर विषारी असतो. बाहेर पडायच्या एकमेव दाराशी ती बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे आग लागली तर सिलिंडर कोणत्या अक्षराचा आहे, हा प्रश्नच नंतरचा.