कुड्याची साल आणि हागवण: एका जुन्या औषधाच्या तपासणीची पार्श्वभूमी

यावल-चोपड्यापासून पश्चिमेला अक्राणी, अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्यात कुडा कुणाला दाखवावा लागत नाही. उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस, पान तोडले की दुधासारखा चीक. हागवण लागली की याच झाडाची साल, नाहीतर बी म्हणजे कडू इंद्रजव, उकळून पाजायचे, ही भिल्ल-पावऱ्यांची जुनी रीत. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी गढूळ होते, पाड्यापाड्यावर लेकरांचे पोट बिघडते आणि कुड्याची आठवण होते. मग एक मागणीही हमखास पुढे येते: या सालीची शास्त्रीय तपासणी का होत नाही?

तपासणी झाली आहे, आणि ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. मात्र प्रत्येक वेळी कुड्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. पाड्यावरची आई जे विचारते, ते त्यात फार थोड्यांनी विचारले.

आयुर्वेदात कुटज, म्हणजे हाच कुडा, हे अतिसारावरचे (जुलाबावरचे) अग्रगण्य द्रव्य. कुटजारिष्ट, कुटजघनवटी, कुटजावलेह ही नावे आजही दुकानात ऐकू येतात. पण चरकसंहितेतली एक सूचना सहज विसरली जाते. आमयुक्त, म्हणजे न पचलेल्या अन्नाच्या दोषाने झालेल्या, अतिसारात सुरुवातीलाच मल रोखणारे औषध देऊ नये, आधी दोष बाहेर पडू द्यावेत, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे औषध कोणते याच्याइतकेच ते केव्हा द्यायचे, यालाही महत्त्व होते. पुढच्या तपासण्यांत साल राहिली, ही वेळ गळून पडली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे मोठे नुकसान आहे.

आधुनिक रसायनशास्त्राचा हात कुड्याला लागला तो मुंबईत. १८५८ मध्ये हेन्स यांनी सालीतले अल्कलॉइड, म्हणजे औषधी परिणाम करणारे वनस्पतीतले रसायन, वेगळे केल्याची माहिती मुंबईच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात छापली. पुढे त्याला कोनेसिन हे नाव रूढ झाले. त्याआधीच ही साल युरोपात पोहोचली होती, नावाजली होती आणि बदनामही झाली होती. बदनामीचे कारण आपल्या डोंगरात आजही उभे आहे. पांढऱ्या कुड्याच्या शेजारीच काळा कुडा वाढतो. दोघांनाही चीक, दोघांनाही पांढरी फुले, दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. व्यापाऱ्यांच्या पोत्यांत दोन्ही साली एकत्र गेल्या, गुण येईना आणि दोष औषधावर आला.

फरक ओळखणे अवघड नाही. पांढऱ्या कुड्याची साल जाड आणि जिभेवर टिकणारी कडू, काळ्याची पातळ, तांबूस आणि कडवटपणा नसलेली. काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. बी पाहावे तर पांढऱ्याच्या कापसाचा झुबका बियाच्या वरच्या टोकाला आणि काळ्याच्या खालच्या. बाजारात कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव अशी दोन नावे चालतात ती यामुळेच. साल सोलणाऱ्या माणसाला हे पाठ असते, पण वाळून तुकडे झालेली साल हातात घेणाऱ्याला ते कळेलच असे नाही. म्हणून कुठल्याही चाचणीत पहिली नोंद हवी ती झाडाची: कुठल्या रानातले, कुठल्या महिन्यात सोललेले, वनस्पतीतज्ज्ञाने ओळख पटवलेले. हे पान कोरे असेल तर पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात अमिबा या आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आमांशावर एमेटिन या वनस्पतीपासून काढलेल्या औषधाची इंजेक्शने वापरली. ती गुणकारी होती, पण हृदयाला घातक, आणि मूळ वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. देशी पर्याय म्हणून नजर कुड्याकडे वळली. रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत कोनेसिनवर काम केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ‘कुर्ची’ या बंगाली नावाने कुडा दवाखान्यांत गेला, पुढे भारतीय औषधकोशातही आला. १९५०च्या दशकात शुद्ध कोनेसिन परदेशातल्या रुग्णांवर वापरले गेले, तेव्हा झोप उडणे, चक्कर, अस्वस्थपणा असे मेंदूवरचे परिणाम दिसले. १९६६च्या सुमारास मेट्रोनिडॅझोल हे औषध अमिबावर लागू पडते हे सिद्ध झाले आणि कुर्ची मागे पडली.

या सगळ्या काळात प्रश्न एकच होता: कुडा अमिबा मारतो का? १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासातही ४० जणांना रोज ४ ग्रॅम साल १५ दिवस दिली गेली आणि सुमारे ७० टक्के लोकांत चांगला परिणाम नोंदवला गेला. पण त्यात प्रामुख्याने शौचातून अमिबाच्या सिस्ट (कवचातले सुप्त अमिबा) टाकणारे लोक होते. जुलै महिन्यात दिवसाला दहा वेळा पातळ परसाकडे होणारे दोन वर्षांचे मूल हे वेगळे प्रकरण आहे. त्याच्या जुलाबाला बहुतेक वेळा विषाणू किंवा जिवाणू कारण असतात, आणि त्याला जुलाबापेक्षा धोका असतो तो अंगातले पाणी आटण्याचा.

ते पाणी कसे भरून काढायचे याचे उत्तर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत ठसठशीतपणे मिळाले. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे पाजायला लावले आणि तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेव्हापासून हागवणीवरच्या कुठल्याही औषधाची कसोटी बदलली. आज चाचणी घ्यायची तर दोन्ही गटांना ओआरएस, म्हणजे हेच मीठ-ग्लुकोजचे पाणी, द्यावेच लागते, लहान मुलांना झिंकही. काढा त्याच्या जोडीला येऊ शकतो, त्याच्या जागी कधीच नाही.

इथे दुसरी अडचण उभी राहते. बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. काढा पाजला आणि तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले, तर श्रेय काढ्याला जाते. ते खरे की नाही, हे काढा न घेतलेला तसाच गट शेजारी असल्याशिवाय ठरत नाही. प्रयोगशाळेत उंदरांना एरंडेल पाजून जुलाब लावतात आणि मग अर्क देऊन ओल्या लेंड्या मोजतात. कुड्याचे अर्क असेच तपासले गेले आहेत. त्यातून आतड्यावरचा परिणाम कळतो, पण एरंडेलाचा जुलाब म्हणजे कॉलरा किंवा रोटाव्हायरस नव्हे.

प्रश्न नीट विचारला की काय हाती लागते, याचे चांगले उदाहरण बेलाचे आहे. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने २००९ मध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या सहाही जिवाणूंना काढ्याने मारले नाही. एवढ्यावर थांबले असते तर बेल बाद झाला असता. पण जिवाणूंचे पेशींना चिकटणे आणि आत शिरणे काढ्याने कमी झाले, कॉलऱ्याच्या विषाची निर्मितीही घटली. जंतू मारणे हा एकच निकष धरून आपण किती वनस्पती उगाच मोडीत काढल्या असतील, असे वाटत राहते.

आणि केळीच्या मुलखात हे सांगितलेच पाहिजे. बांगलादेशात रेंगाळलेल्या जुलाबाच्या ६२ बाळांवर शिजवलेल्या कच्च्या केळीची चाचणी झाली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. चौथ्या दिवसापर्यंत भातासोबत केळी खाणाऱ्यांपैकी ८२ टक्के बाळे बरी झाली होती, नुसत्या भातावरच्यांपैकी २३ टक्के. तुलनेचा गट होता म्हणूनच हा आकडा बोलतो. रावेर-यावलच्या बागांत जे सहज मिळते, त्याच्यासाठी अशी चाचणी सातपुड्याच्या दवाखान्यांतही व्हायला हवी.

आता देशातल्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधीच करावी लागते, २००९ पासून ते बंधनकारक आहे. २०१५ मध्ये वनस्पतीच्या प्रमाणित अर्काला ‘फायटोफार्मास्युटिकल’ म्हणून वेगळा दर्जा मिळाला. त्यात निदान चार घटकांचे प्रमाण दाखवावे लागते, एक अल्कलॉइड उपसून भागत नाही. कुड्याच्या काढ्याला हा रस्ता कोनेसिनच्या रस्त्यापेक्षा जवळचा आहे.

साल कोणाची, हेही आता कायद्यात आहे. जैवविविधता कायदा २००२चा, वनहक्क कायदा २००६चा. गौण वनोपजावर गावाचा हक्क आहे आणि झाडपाल्याची माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवता येते. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली तर झाड वाळते, फांद्या कापून घेतली तर कुडा पुन्हा फुटतो. चाचणीसाठी लागणारी साल कशी काढायची, हे ठरवताना पाड्यावरचा जाणता माणूस पहिल्या बैठकीपासून हवा.