घरचं भूत, बाहेरचं भूत

ठाण्याकडच्या जुन्या समजुतीत भुतांचे दोन वर्ग असत: घरचं आणि बाहेरचं. घरातलं माणूस इच्छा मागे ठेवून गेलं, तर ते घरचं भूत. त्याचा त्रास घराण्यापुरता. परक्याचं, तिन्हीसांजेला वाटेत लागलेलं, ते बाहेरचं. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून असल्या समजुती लिहून मागवल्या होत्या. १९०९ साली नाशिकच्या नाटकगृहात अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तोच हा जॅक्सन. त्याचे कागद आर. ई. एन्थोव्हेन यांनी हाती घेतले आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून आला. वेताळ, मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, ब्रह्मसमंध, पाण्यातल्या आसरा अशी ती मोठी पंगत आहे, आणि उत्तरं पाठवणाऱ्यांत ठाणे जिल्ह्यातले मास्तरही आहेत.

आज ठाण्यात किंवा वाशीत राहणारा एखादा मुलगा काळोखाची, भुताखेतांची चित्रं काढणारे कलाकार शोधू लागतो, तेव्हा फोनवर त्याला आधी बाहेरचेच भेटतात. पोलंडचा बेक्शिन्स्की, जो आपल्या चित्रांना नावंच देत नसे. स्वित्झर्लंडचा गीगर, ज्याच्या 'एलियन' चित्रपटातल्या हाडा-यंत्रांच्या प्राण्याला १९८० मध्ये ऑस्कर मिळालं. त्यांच्या मागे स्पेनचा गोया: वयाच्या सत्तरीत, बहिरेपणात, माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर त्याने चौदा काळी चित्रं काढली, कुणाला दाखवायची म्हणून नाही. ही परंपरा थोर आहे आणि मीही तिच्यावर जीव टाकतो. पण ती पाहून आपल्याकडे असं काही नव्हतंच असा समज होतो, तो मात्र मला फार लागतो. त्यासाठी ही पार्श्वभूमी.

न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावरून घारापुरी समोर दिसते. त्रिमूर्तीपुढे फोटो काढून लोक परततात. अंधकासुरवधाच्या शिल्पापाशी थोडेच थांबतात. सहाव्या शतकातलं हे काम. शिवाचे डोळे वटारलेले, सुळे बाहेर आलेले, मुकुटात कवटी, मागे हत्तीचं कातडं ताणून धरलेलं. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उभा राहतो, म्हणून ते रक्त झेलायला हातात वाटी. मूर्तीचा खालचा भाग फुटून गेला आहे, त्यामुळे तो चेहरा काळोखातून निघून थेट अंगावर येतो. संध्याकाळच्या बोटीची वेळ होण्याआधी, प्रकाश तिरका झाल्यावर ते शिल्प पाहावं.

शिलाहारांच्या काळात याच पट्ट्यात गधेगाळ, म्हणजे शापाचे दगड, कोरले गेले. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी, चित्रात. ज्यांना लेख वाचता येत नव्हता त्यांच्यासाठी ते चित्रच पुरेसं होतं. पुढे लेखाचा अर्थ विसरला गेला तरी दगडाचा धाक टिकला; कुठे तो अपशकुनी म्हणून पुरला गेला, कुठे शेंदूर लावून पुजला गेला.

मात्र सगळ्यात जिवंत धागा डोंगरातला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार, मोखाडा, डहाणू हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. वारली चित्र म्हणजे तारपा नाच, असं आता पिशव्यांनी आणि मगांनी ठरवून टाकलं आहे. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकात, म्हणजे चौकटीत, पालघट देवी असते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. शेजारच्या देवचौकातला पंचशिऱ्या कुणी सांगत नाही. घोड्यावरचा तो देव कधी पाच डोक्यांचा असतो, कधी बिनडोक्याचा, आणि त्याच्या मानेतून धान्याची पाच ताटं फुटलेली असतात. तांदळाच्या पिठाने गेरूवर काढलेली ही आकृती मी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा अंगावर काटा आला. मृत्यू आणि पीक एकाच मानेतून उगवतं, हे इतक्या कमी रेषांत सांगणारं चित्र मला दुसरं माहीत नाही. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जाळ्यांकडे, मुंग्यांकडे आणि जंगलांकडे शोभेची चित्रं म्हणून पाहू नये, एवढीच विनंती.

आणि बोहाडा. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात रात्रभर सोंगं नाचतात. आधी गणपती, सरस्वती, मग एकामागून एक देव आणि राक्षस: नरसिंह, रावण, वेताळ, शेवटाकडे महिषासुराशी लढणारी देवी. संबळ वाजत असतो, टेंभ्यांच्या उजेडात मुखवट्याचे डोळे हलल्यासारखे वाटतात. काही सोंगांचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. मुखवटा चढला की तो माणूस राहत नाही, ही तिथली श्रद्धा. राक्षसाला चेहरा द्यायचा, त्याला गावात बोलवायचं, सगळ्यांसमोर नाचवायचं आणि उजाडायच्या आत वाटेला लावायचं: भीतीशी वागण्याची ही रीत आजच्या कित्येक कलादालनांपेक्षा मला प्रगल्भ वाटते.

तीच कला समकालीन कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. जव्हारचे कोकणा आदिवासी मुखवटाकार सुभाष आणि भगवान धर्मा कडू यांच्यासोबत छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून काम सुरू केलं. देव-राक्षसांऐवजी रोजच्या जगण्याचे मुखवटे करायचे, असं ठरलं. मग कागदाच्या लगद्यातून माणसं, प्राणी आणि घरातल्या वस्तूही आल्या आणि गावकऱ्यांनी ते मुखवटे घालून आपापली कामं करताना फोटो काढून घेतले. २०१८ मध्ये हे काम न्यूयॉर्कला दाखवलं गेलं. त्यातली भीती फार शांत आहे. प्राण्याचं डोकं असलेलं कुणी रोजच्या कामात गुंतलेलं असतं आणि आजूबाजूचं सगळं नेहमीसारखंच.

शहरात याची वाट छापखान्यातून गेली. दिवाळी अंक आणि रहस्यकथांची मुखपृष्ठं हे मराठी वाचकाचं पहिलं भयचित्रांचं दालन. रघुवीर मुळगावकर यांच्यासारखा देवादिकांच्या तेजस्वी चित्रांसाठी घराघरांत पोचलेला चित्रकार रहस्यकथांची मुखपृष्ठंही करत होता. ग्रंथालयात पुस्तक आलं की बऱ्याचदा त्याची बांधणी होई आणि मुखपृष्ठ हरवे. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या आपल्या ठाण्यात अशी किती चित्रं पुठ्ठ्याखाली गेली असतील, या विचाराने हळहळ वाटते.

मुंबईच्या आधुनिक चित्रकारांनी भुतं जुन्या कथांतून घेतली नाहीत. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १९४७ च्या दंगलीत तय्यब मेहता यांनी महंमद अली रोडवर खिडकीतून एका माणसाला ठार होताना पाहिलं. त्यांच्या कोसळणाऱ्या आकृत्या, पुढची काली आणि महिषासुर या सगळ्यांत तो रस्ता आहे. कोलकात्याचे गणेश पाईन लहान असताना १९४६ च्या दंगलीतल्या मृतदेहांना सामोरे गेले आणि जन्मभर टेम्पेरा रंगांत हाडांचे, सावल्यांचे प्राणी रंगवत राहिले. यालाच मी घरचं भूत म्हणतो.

आज शोध घेणाऱ्याने घरचं की बाहेरचं, हीच कसोटी लावून पाहावी. जितीश कल्लाट यांची हाडांनी घडवलेली रिक्षा, २००७ ची, दंगलीत जळालेल्या गाड्यांच्या फोटोंतून सुचलेली. स्टेशनबाहेर रोज रिक्षाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला ती वेगळीच दिसेल. सहेज रहाल भंगारातून आणि सापडलेल्या वस्तूंतून अनोळखी जीव उभे करतात, संगणकावरही घडवतात. त्यांतले काही आवाजाला प्रतिसाद देतात. रितिका मर्चंट यांच्या कागदावरच्या जलरंगांत डोळे, वनस्पती आणि अर्धमानव एकत्र नांदतात. त्यांचा काळोख मृदू आहे, जरा जास्तच देखणा असंही मला कधी वाटतं.

आणि प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, जन्म १९८६. पिढ्यान्पिढ्या कोळसा खाणीत राबलेलं घर, आणि चित्राचं साधनही कोळसाच. त्यांच्या माणसांना डोक्याच्या जागी अवजार असतं, दिवा असतो, जनावराचं तोंड असतं. जमीन स्वतःच जखमी प्राण्यासारखी पडलेली असते. २०२१ चा वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलाकारांना मिळून दिला गेला, त्यांत ते एक. बिनडोक्या पंचशिऱ्याची आठवण मला त्यांच्यापाशी येते, जरी डहाणू आणि सास्तीमध्ये अख्खा महाराष्ट्र पसरलेला असला तरी.

नवी मुंबईकराला पाचपुते जवळचे वाटावेत याला कारण आहे. हे शहर पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर उभं आहे. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात मोबदल्यासाठी उतरलेल्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. शेतं गेली, खाड्या भरल्या, पारसिकच्या डोंगराला खाणींनी चावे घेतले. गावदेवी मात्र हलली नाही आणि बऱ्याच ठिकाणी वेशीवरचा शेंदरी दगडही. आता त्याला टाइल्स लागल्या आहेत, वर ट्यूबलाइट आहे, एका बाजूला सोसायटीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला बसस्टॉप. ज्याच्यासाठी वेस राखली तो बाहेरचा आता कुठून आत येतो, हे त्या दगडाला कोण सांगणार? या वेशीचं चित्र काढणारा चित्रकार मी शोधतो आहे, आणि तो बहुधा घणसोलीच्या किंवा करावेच्या गावठाणातच कुठेतरी वहीत रेघोट्या ओढत असेल.