अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान आणि वैद्यकीय हलगर्जीपणा (नाशिक जिल्हा)

अंडाशयाचा कर्करोग उशिरा कळणे ही एक गोष्ट आणि त्या उशिराला डॉक्टर कायद्याने जबाबदार असणे ही दुसरी. बहुतेक तक्रारी या दोहोंच्या मध्येच अडकतात. भारतीय स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुखाच्या खालोखाल हा कर्करोग आढळतो आणि तो बहुधा पोटात पसरल्यावरच सापडतो.

पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट जड वाटणे, सारखे लघवीला लागणे ही लक्षणे. पन्नाशीच्या बाईने ती सांगितली की ‘गॅस झालाय’ किंवा ‘पाळी जायची वेळ आली’ म्हणून विषय मिटतो; तीही दुखणे अंगावर काढते. पॅप तपासणी गर्भाशयमुखाच्या पेशींची असते, तीत हा रोग दिसत नाही, तरी ती नॉर्मल आली की घरचे निर्धास्त होतात. सरकारी मोहिमांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख तपासतात, अंडाशय नाही. ते रास्तच आहे: ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सरसकट तपासणीने मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे लक्षणे नसताना तपासणी न करणे हा हलगर्जीपणा नव्हे. तीच लक्षणे घेऊन बाई पुन्हा पुन्हा येत असताना सोनोग्राफी न सांगणे मात्र हलगर्जीपणा ठरू शकते.

सीए-१२५ या रक्तचाचणीवर लोकांचा नको तेवढा भरवसा असतो. तिची नॉर्मल मर्यादा ३५ युनिट प्रति मिलिलिटर धरतात. पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ती ओलांडली जातच नाही. उलट फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढणे) आणि पोटाच्या क्षयात आकडा चढतो. पोटाचा क्षय तर हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो: पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठ, वजन घटलेले. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) शक्य असताना ती न करता केमो सुरू करणे चूक आणि गुण येत नसताना क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवणेही चूक. संशयास्पद गाठ ‘साधी सिस्ट’ समजून दुर्बिणीने फोडली, तर पेशी पोटात सांडतात आणि अंडाशयापुरता असलेला रोग स्टेज १ए वरून १सी या पुढच्या पायरीवर जातो. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला न पाठवणे याला तर सबबच नाही.

सुरगाणा, पेठ, कळवणकडची बाई प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचा खासगी दवाखाना, नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि शेवटी परळचे टाटा अशी फिरते. प्रत्येक डॉक्टर तिला एकदोनदाच पाहतो, मग उशीर कोणाच्या नावावर मांडायचा? इथे कागद बोलतो. केसपेपरवर ‘गॅस्ट्रायटिस’ आणि त्याच आठवड्याच्या सोनोग्राफी रिपोर्टात ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ (साधी नसलेली, पुढे तपासायची गाठ) असेल, तर त्या दोन तारखा साक्षीदारापेक्षा भारी पडतात. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. सर्वांना मोफत असलेली सेवा त्यातून वगळली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षे आहे. निदान चुकले एवढ्याने भागत नाही: त्याच पात्रतेच्या सामान्य कुशल डॉक्टरने जे केले असते ते इथे झाले नाही आणि त्याने रुग्णाचे नुकसान झाले, हे दोन्ही दाखवावे लागते. दुसरा भाग अवघड, कारण पसरलेला रोग तीन महिने आधी कळता तर किती फरक पडला असता, हे तज्ज्ञालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. फौजदारी गुन्ह्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाप्रमाणे घोर निष्काळजीपणा लागतो. त्याच न्यायालयाच्या २००८ च्या एका निकालात तर फक्त तपासणीपुरती संमती असताना गर्भाशय व अंडाशये काढणे गैर ठरले. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला असले तरी डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालत नाहीत. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावी लागते आणि परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.