रेडिएशननंतर दुखणारं हाड: मेलेलं की कर्करोगाचं?

तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या माणसाचा जबडा काही वर्षांनी ठणकू लागला, की जुना आजार उलटला का हे आधी पाहतात. तो नसेल तर दोन शक्यतांचा घोळ उरतो. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस, म्हणजे किरणांनी रक्तपुरवठा आटून हाड मरणं. किंवा रेडिएशनमुळे त्याच हाडात उपजलेला नवा कर्करोग, बहुधा ऑस्टिओसार्कोमा (पुढे नुसतं सार्कोमा). हा दुसरा फार क्वचित होतो. पण सूज, वेदना, हाड मोडणं आणि एक्स-रेवर ते पोखरलेलं दिसणं दोन्हींत असतं.

१९२०च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या किरणोत्सर्गी रेडियमने रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करत, आणि रेडियम शरीरात जाई. त्यांच्यात हे दोन्ही आजार दिसले: कुणाचा जबडा सडला, कुणाला हाडाचा कर्करोग झाला.

पहिला सुगावा काळाचा. हाड मरतं ते बहुधा पहिल्या काही वर्षांत, पुष्कळदा दात काढल्यावर. जखम भरत नाही, उघडं हाड दिसत राहतं. सार्कोमा सहसा तीन वर्षांच्या आत येत नाही, दहा-पंधरा वर्षंही घेतो. गाठ रेडिएशनमुळेच झाली का हे ठरवायला केहन या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये घातलेल्या कसोट्या आजही थोड्या सैल करून वापरतात: गाठ किरण पडलेल्या भागातच हवी, मध्ये काही वर्षं गेलेली हवीत आणि पेशी मूळ कर्करोगाहून वेगळ्या हव्यात.

एमआरआयमध्ये हाडाबाहेर वाढत जाणारा मांसल गोळा दिसला, तर संशय सार्कोमावर. पेट स्कॅनवर मात्र फार विसंबू नये, कारण जंतुसंसर्ग झालेलं मृत हाडही त्यात कर्करोगासारखंच उजळतं. निकाल बायोप्सीचाच, म्हणजे हाडाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा. इथे खरी पंचाईत आहे: किरण खाल्लेल्या हाडाला केलेली जखम चिघळू शकते, आणि वरवरच्या तुकड्यात नुसता मृत भाग आला तर कर्करोग निसटतो. म्हणून संशय टिकला तर बायोप्सी पुन्हा करतात, शक्यतो पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सल्ल्यानेच.

मृत हाडाला आधी अँटिबायोटिक्स, जखमेची सफाई, कधी रक्तप्रवाह सुधारणारं पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व. सार्कोमात छातीचा सीटी स्कॅन करून तो फुप्फुसात पसरलाय का हे पाहतात, मग शस्त्रक्रिया आणि बहुतेकदा केमोथेरपी. आधीच्या उपचारात डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध दिलेलं असेल तर हृदयाला इजा होण्याच्या भीतीने हात आखडता घ्यावा लागतो. पुन्हा रेडिएशन देणंही अवघड.

दोन्हींत जबडा कापून पायाच्या हाडाने नवा बांधायची वेळ येऊ शकते. पण मृत हाड कापताना सर्जन ताजं रक्त दिसलं की थांबतो. सार्कोमात त्याला भोवतालच्या निरोगी भागाची पट्टीही सोबत काढावी लागते.