सीएपीएमला अनुभवाची अट नाही

दादरच्या क्लासपासून अंधेरीच्या ऑफिसांपर्यंत एक समज घट्ट बसलाय: प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट हवं तर आधी तीन वर्षं प्रोजेक्ट सांभाळलेले हवेत. ती अट पीएमपी या अनुभवी लोकांसाठीच्या सर्टिफिकेटची. पदवीधराला ३६ महिने. पीएमपी देणाऱ्याच पीएमआय या अमेरिकी संस्थेच्या सीएपीएम या सुरुवातीच्या पातळीच्या सर्टिफिकेटला शून्य अनुभव चालतो. बारावी आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं शिक्षण, बस्स. तेही घरबसल्या ऑनलाइन करता येतं, विरार लोकलमध्ये लटकायला नको!

परीक्षा तीन तास, १५० प्रश्न. पण नुसत्या व्याख्या घोकून भागत नाही: २७ टक्के भाग बिझनेस अ‍ॅनालिसिसचा (धंद्याची नेमकी गरज ओळखणं), २० टक्के अजाइलचा (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करायची पद्धत). आणि सर्टिफिकेट आयुष्यभराचं नाही, दर तीन वर्षांनी १५ पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे मोजलेले तास) दाखवून ते टिकवावं लागतं.